अनोळखी शब्दाचा शेजार

बाजारात परका माणूस दिसला, तर तो ज्याच्या ओट्यावर बसला असेल त्याच्याकडे आपण त्याची चौकशी करतो. अनोळखी शब्दाची चौकशीही अशीच करावी लागते.

तुर्कस्तानात बोगाझकोय येथे १९०६ पासून झालेल्या उत्खननात मातीच्या हजारो लेखपट्टिका सापडल्या. लिपी वाचता येई, पण त्यांतील हित्ती भाषा कळेना. १९१५ साली झेक पंडित ह्रोझ्नी ह्यांनी एका वाक्यातील भाकरीचे चिन्ह हेरले. भाकरीजवळचे क्रियापद खाण्याचेच असणार. मग पुढे आलेला ‘वातर’ शब्द कशाचा? भाकरीनंतर पाणीच. ‘वातर’ म्हणजे पाणी. आपल्या ‘उदका’चा तो दूरचा भाऊबंद.

पुढे दोनच वर्षांनी, १९१७ साली, डॉ. रा. गो. भांडारकर ह्यांच्या गौरवग्रंथात लोकमान्य टिळकांनी खाल्डियन व भारतीय वेदांवर इंग्रजी लेख लिहिला. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील तेरावे सूक्त सर्पविष उतरविण्याचे आहे. त्यातील ‘तैमात’, ‘उरुगूला’ हे शब्द संस्कृतात एकाकी वाटतात. टिळकांनी त्यांचे मूळ बाबिलोनकडे शोधले. तिकडील सृष्टिकथेत ‘तिआमत’ ही आदिसागररूप राक्षसी आहे. ‘उरुगूला’ त्यांनी तिकडच्या पाताळवाचक शब्दाशी जोडला. सूक्तात तैमाताच्या शेजारी ‘अपोदक’, म्हणजे पाण्यावेगळा, असा साप येतो. तेव्हा तैमात पाण्यातला असावा, असे हा शेजार सुचवितो.

मात्र दोन्ही पुरावे सारखे नव्हेत. ‘वातर’ व ‘उदक’ ह्यांचे नाते रक्ताचे. ध्वनिबदलाचे तेच नियम इतर अनेक शब्दांतही दाखविता येतात. ‘तैमात’ हा पाहुणा मानावा लागतो, आणि पाहुण्याचा माग काढणे अवघड. शिवाय संस्कृतात ‘तिम्’, म्हणजे ओले होणे, असा धातू आहे. त्यावरून घरचीच व्युत्पत्तीही सुचविता येईल. म्हणून टिळकांच्या मताला सिद्धान्त न म्हणता तर्क म्हणावे.

तरीही वेदांविषयी नितांत आदर असलेल्या पुरुषाने वेदांत परके शब्द असल्याचे मोकळेपणाने मांडले, हे मोलाचे होय. ‘पगार’ आणि ‘बादली’ पोर्तुगीजांकडून आले, म्हणून मराठी उणी झाली नाही. उसना शब्द ही दोन समाजांच्या देवघेवीची खूण असते. जुन्या शब्दाचा अर्थ लावताना आधी शेजार पाहावा, मग नियम तपासावा. आपला अभिमान मात्र पुरावा म्हणून पुढे करू नये.