क्रियात्मक विवर्धक, ध्वनिमंडलांतील
दोन आदान विद्युत् दाबांमधील फरक अनेक पटींनी वाढविणाऱ्या संकलित मंडलास क्रियात्मक विवर्धक (ऑप-अँप) म्हणतात. घरगुती ध्वनिसंचात ध्वनिमुद्रिकेवरून मिळणारा क्षीण संकेत वाढविणे, स्वरनियंत्रण इ. कामांसाठी तो वापरतात.

विवर्धकांची तुलना मुख्यतः गोंगाट, विरूपण व बदलवेग (प्रदान दाब बदलण्याचा कमाल वेग) यांवरून करतात. २०,००० हर्ट्‌झ कंप्रता व १० व्होल्ट शिखरमूल्य असलेल्या संकेतास दर मायक्रोसेकंदाला सु. १·२६ व्होल्ट बदलवेग लागतो. १९६८ मध्ये प्रचारात आलेल्या ७४१ या विवर्धकाचा बदलवेग सु. ०·५ व्होल्टच असल्याने त्यात असा संकेत विरूप होतो. एनई ५५३२ व टीएल ०७२ यांचा बदलवेग पुरेसा असतो. त्यांच्यातील निवड गोंगाटावरून ठरते. उद्गमाचा रोध थोडा असल्यास ५५३२ चा गोंगाट कमी असतो. रोध लाखभर ओहम असल्यास मात्र ५५३२ च्या आदान प्रवाहातील चढउतारांमुळे त्या रोधात गोंगाट निर्माण होतो. तेथे क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टरांचे आदान असलेला ०७२ सरस ठरतो. तेव्हा कोणताही एक विवर्धक सर्वत्र श्रेष्ठ नसतो.

किंचित मोठा आवाज श्रोत्याला अधिक चांगला भासतो. म्हणून ऐकून तुलना करताना दोन्ही मंडलांच्या पातळ्या ०·१ डेसिबेलच्या आत जुळवितात व चालू विवर्धकाचे नाव श्रोत्यास कळू देत नाहीत.