उधारी डोक्यात नको, वहीत हवी

मुकुटबन परिसरात कापूस विकला की पैसा एकदम हाती येतो. खर्च मात्र बाराही महिने असतो. जूनमध्ये बियाणे-खत उधारीवर, मध्येच आजारपण, मग लग्नकार्य. हा हिशोब बहुधा एकट्या घरधन्याच्या डोक्यात असतो. ‘बायकोला कशाला काळजी?’ असे आपण म्हणतो. पण उद्या तोच नसला तर कोणाचे किती देणे, हे तिला कोण सांगणार?

पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, 282) याच व्यवहाराची आहे: रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीचे कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा. वारसांची वाटणीही कर्ज फेडल्यावरच होते. हजरत साद (रजि.) बहुतेक संपत्ती दान करू पाहत होते, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबवले, वारसांवर हात पसरण्याची वेळ येऊ नये म्हणून. मागच्यांची सोय करून ठेवणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

यंदा कापसाचे पैसे आले की आधी उधारी फेडा, पुढच्या पेरणीची रक्कम बाजूला काढा, मग घरखर्च ठरवा. त्याच रात्री पती-पत्नींनी वही घेऊन बसावे. देणे, येणे, बँक खाते, नॉमिनी, सारे लिहावे. मेहर बाकी असेल तर तेही लिहावे. तेही कर्जच आहे.