मालकंस, मध्यरात्र आणि मशीन

अंडरग्राउंड इलेक्ट्रॉनिक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बर्लिन नाहीतर शिकागो. अंधारं तळघर, गरगर फिरणारा बास आणि ‘मला सगळं कळतंय’ अशा चेहऱ्याने माना डोलावणारी मंडळी. पण बॉस, या डार्क, मूडी साउंडचा एक भन्नाट नमुना १९८२ साली आपल्या मुंबईत तयार झाला होता. तोही चक्क एचएमव्हीच्या लेबलवर!

हे काम चरणजित सिंग यांचं. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे, लग्नसमारंभात स्वतःचा बँड घेऊन जाणारे वादक. सिंगापूरहून त्यांनी रोलँड कंपनीची यंत्रं आणली. ज्युपिटर-८ हा कीबोर्ड, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ ही चंदेरी डबी.

या डबीची स्टोरी सही आहे. बास गिटारवाला हजर नसला तरी प्रॅक्टिस अडू नये, म्हणून ती काढलेली. पण आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता. त्यामुळे ती आपटली आणि १९८४ पर्यंत बंदही झाली. पुढे शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड डबी घेऊन तिची बटणं हवी तशी पिळली. १९८७ मध्ये फ्यूचर या ग्रुपचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आला आणि अ‍ॅसिड हाउसचं बारसं झालं.

सिंग यांना मात्र त्या डबीत वेगळंच काही सापडलं. तिच्यात एक सूर दुसऱ्यात घसरत जातो. म्हणजे आपली मींडच की! ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या अल्बममध्ये गायक नाही. खाली ८०८चा न थकणारा ठेका, वर भैरव, ललित, तोडी, मालकंस. मूड सेट करायला लाइट्स लागत नाहीत, राग पुरतो.

तेव्हा तो खपला नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती तबकडी दिल्लीत मिळाली आणि २०१० मध्ये त्याने ती नव्याने काढली. ‘ही कुणीतरी केलेली थट्टा असणार,’ असंही काहींना वाटलं. सत्तरीतले सिंग मग तीच यंत्रं घेऊन युरोपच्या स्टेजवर गेले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांना ‘अ‍ॅसिडचा जनक’ म्हणणं मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी त्यांचं काही ऐकलंच नव्हतं. कुणाचाही पाठिंबा नसताना एका माणसाला हे सुचलं, ते जास्त भारी आहे.

याहून गूढ काही हवंय? अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ ते १९७२ दरम्यान मूग सिंथेसायझरवर झालेली ध्वनिमुद्रणं ‘द एनआयडी टेप्स’ नावाने २०२३ मध्ये बाहेर आली. त्यात नाचण्यासारखं फारसं काही नाही. रिकाम्या इमारतीत कुणीतरी चालतंय, असा फील मात्र जबरदस्त.

आता ऐकायचं कधी? आमगाव-गोंदियाकडून मुंबईत नोकरीला आलेल्यांना विदर्भ एक्स्प्रेसची लांबलचक रात्र पाठ असते. मनमाड मागे पडलं, डब्यातले दिवे गेले की मालकंस लावा. सकाळी जाग आल्यावर भैरव. आणि हो, इयरफोन जरा बरे घ्या. मोबाइलच्या स्पीकरमधून ३०३चा बास बाहेरच येत नाही.