हैदराबादला खायला निघालात? आधी घड्याळ बघा

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक आजही हैदराबादेत आहेत. पण खास खाण्यासाठी पहिल्यांदाच जात असाल तर हॉटेलांची यादी नंतर, वेळा आधी ठरवा, असं आम्ही सांगू.

नहारी सकाळची. फजरनंतर जुन्या शहरात पोहोचलात तर कुलच्यासोबत गरमागरम मिळते. आरामात उठून दहाला गेलात तर देग संपलेली असू शकते. बिर्याणी दुपारीच खा. मुरवलेलं कच्चं मटण आणि अर्धाकच्चा भात एकत्र दमावर लावतात, पोटाला जड पडते. इराणी चहा, उस्मानिया बिस्कीट कधीही.

हलीमचं गणित वेगळं. २०१० मध्ये जीआय मानांकन मिळालेल्या या हलीमचा खरा हंगाम रमजान. पण तेव्हा संध्याकाळी चारमिनारजवळ पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलं, वयस्कर अम्मी-अब्बा सोबत असतील तर इतर महिन्यांत जा. हलीम तेव्हाही काही ठिकाणी मिळतं.

आणि नव्या शहरात 'हैदराबादी' पाटी बघून थेट आत शिरू नका. हलाल आहे का, विचारा. त्यात लाजायचं काय? जुन्या शहरात नमाजची सोय सोपी, मक्का मशीद चारमिनारच्या शेजारीच आहे.