सावळ्या चेहऱ्याला कोणता शर्ट?

सोमाटणे फाट्यावरून परंदवडीच्या रस्त्याला लागा किंवा मावळात आणखी कुठेही जा, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स चुकत नाहीत. एखाद्यापाशी थांबून नीट बघावं. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर टिळा, डोळ्यांवर गॉगल आणि चेहरा मैद्यात बुडवून काढल्यासारखा. नमस्काराला जोडलेले हात मात्र चांगले सावळे, उन्हात वावरणाऱ्या माणसाचे. फ्लेक्स बनवणाऱ्या पोराने घाईत फक्त तोंडावर ब्रश फिरवलेला असतो.

त्या पोराला हसू नये. त्याच्याकडे जो फोटो येतो, त्यात चेहरा खरोखरच काळाठिक्कर पडलेला असतो. दोष चेहऱ्याचा नसतो, शर्ट आणि कॅमेरा यांच्या संगनमताचा असतो. समोरचं दृश्य सरासरीने १८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवतं, असं कॅमेऱ्यातला प्रकाशमापक धरून चालतो. धुवट पांढरा शर्ट ८० टक्क्यांच्या घरात प्रकाश परत पाठवतो. चौकटीत शर्टाचा भाग मोठा असला की कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फारच झाला. मग तो सगळंच दृश्य अंधारं करतो. शर्ट वाचतो, चेहरा जातो. आताचे मोबाइल चेहरा ओळखून थोडी सारवासारव करतात, पण मे महिन्याच्या उन्हात त्यांचीही तारांबळ उडते.

रंगीत फिल्मच्या काळात तर मोजपट्टीच गोरी होती. छापलेल्या फोटोंचे रंग जुळवायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या तरुणीचं चित्र पाठवायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. शर्लीची कांती बरोबर उतरली की मशीन बरोबर. बाकीच्यांची कशी उतरते याची चौकशी अनेक वर्षं कुणी फारशी केली नाही. आपल्याकडच्या कितीतरी काकामामांचं ‘मला पांढरं शोभत नाही’ हे ठाम मत आरशातून आलेलं नाही, लग्नाच्या अल्बममधून आलेलं आहे.

मग शोभतं काय? त्याआधी त्वचेचा रंग येतो कुठून ते पाहू. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक त्या पेशी बनवतात त्या मेलॅनिनच्या कणांचा. कण किती, केवढे आणि त्वचेत कसे पसरलेले, यावर रंग ठरतो. मेलॅनिन निळा प्रकाश सर्वात जास्त शोषतं, लाल सर्वात कमी. त्यात रक्तातल्या हिमोग्लोबिनची भर पडते; ते हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातला प्रकाश गिळतं. उरतो तो नारिंगीकडे झुकणारा प्रकाश. म्हणूनच स्वीडनचा माणूस घ्या, तामिळनाडूचा घ्या किंवा पवनाकाठचा शेतकरी घ्या, रंग मोजणाऱ्या उपकरणाच्या लेखी सगळे एकाच नारिंगी कुळातले. वेगळेपणा आहे तो मुख्यतः उजळपणात.

उजळपणा मोजायला कापड आणि रंगाच्या कारखान्यांत १९७६ पासून एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वापरली जाते. शून्य म्हणजे ठार काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. माणसाच्या डोळ्याला पायऱ्या सारख्या वाटाव्यात अशी ती आखलेली आहे. गव्हाळ ते सावळी त्वचा या पट्टीवर ढोबळमानाने ४५ ते ६० च्या दरम्यान येते. म्हणजे जवळजवळ मधोमध. गंमत अशी की या पट्टीवरचा ५० हा आकडा म्हणजेच साधारण १८ टक्के परावर्तन. कॅमेऱ्याने ‘सरासरी जग’ म्हणून जे धरलं, तोच आपल्याकडच्या चारचौघांच्या चेहऱ्याचा उजळपणा.

या लेखाचा मुद्दा इथेच आहे. मधोमध बसलेल्या माणसाला वर शुभ्र आणि खाली काळा, अशी दोन्ही टोकं सारख्याच अंतरावर मिळतात. अगदी गोऱ्या माणसाला फिके रंग जवळचे म्हणून पुसट वाटतात, अगदी काळ्या माणसाला गडद रंगांबाबत तीच अडचण. गव्हाळ-सावळ्या पुरुषाला मात्र रंगांचं दालन दोन्ही बाजूंनी उघडं आहे. आणि नेमका तोच दुकानात जाऊन ‘आपल्याला काय, बदामीच द्या’ म्हणतो!

बदामी, खाकी, मातकट, मेंदी आणि चॉकलेटी यांची मधली छटा, हे रंग वाईट नाहीत. पण ते त्वचेच्याच उजळपणाचे आणि तिच्याच नारिंगी-पिवळ्या कुळातले असतात. कॉलर कुठे संपली आणि मान कुठे सुरू झाली, हे डोळ्याला शोधावं लागतं. खाकीचा जन्मच मुळी त्यासाठी झालेला. १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पलटणीने हा धुळीचा रंग उचलला, तो सैनिक मातीत मिसळून दिसेनासा व्हावा म्हणून. लपायचं असेल तर उत्तम. मुलगी बघायला जाताना मात्र लपून काय साधणार?

एकाच घरात थोरला गव्हाळ आणि धाकटा काळा कसा, हा प्रश्न आपल्याकडे जरा कुजबुजतच विचारला जातो, म्हणून त्याचंही उत्तर देऊन टाकतो. त्वचेचा रंग एका जनुकावर ठरत नाही. त्यातला एक महत्त्वाचा जनुक, एसएलसी२४ए५, २००५ साली झेब्राफिश या बोटभर माशाच्या अभ्यासातून पुढे आला. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत दाखवलं की, या जनुकाचं उजळ रंग देणारं रूप भारतीयांत आणि युरोपीयांत एकाच पूर्वजाकडून आलेलं आहे. ते भारतभर विखुरलेलं आहे, कुठे कमी, कुठे जास्त. असे अनेक जनुक प्रत्येक अपत्याच्या वेळी नव्याने पिसले जातात. आईने गरोदरपणात काय खाल्लं याचा त्यात काही संबंध नाही.

आता कापड त्वचेवर नेमकं काय करतं ते पाहू. पॅरिसमधल्या गोबलँ या गालिचे-पडद्यांच्या सरकारी कारखान्यात मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा रंग फिका निघतोय. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. यावरून त्याने १८३९ साली एक जाडजूड ग्रंथच लिहिला, आणि त्यात कोणत्या कांतीला कोणता कपडा याचाही विचार केला. नियम असा, की डोळा शेजारच्या दोन रंगांतला फरक वाढवून दाखवतो. पांढऱ्याशेजारी चेहरा आहे त्याहून गडद वाटतो, काळ्याशेजारी उजळ. निळ्याशेजारी त्वचेतला पिवळा-नारिंगीपणा उठून दिसतो, हिरव्याशेजारी लाली.

पण हे झालं डोळ्याचं. उन्हात कापड याच्या उलटही काहीतरी करतं. ते स्वतःच्या रंगाचा प्रकाश हनुवटीवर, गालांच्या खालच्या भागावर उधळतं. पोपटी टी-शर्ट घालून उन्हात उभ्या राहिलेल्या गोऱ्या माणसाच्या हनुवटीखाली पाहा, हिरवी झाक दिसेल. सावळ्या माणसाला इथे मेलॅनिनचा फायदा मिळतो. त्याची त्वचा निळा-हिरवा प्रकाश बराचसा गिळून टाकते, त्यामुळे त्या कपड्यांची झाक चेहऱ्यावर फारशी येत नाही. लाल प्रकाश मात्र ती निळ्याच्या दुपटी-तिपटीने परत पाठवते. म्हणून लाल, डाळिंबी, केशरी उपरणं गळ्यात आलं की सावळा चेहरा आतून तापल्यासारखा तेजाळतो. लग्नात मानकऱ्यांच्या डोक्यावर चढणारे भगवे, लाल, गुलाबी फेटे कुणा रंगतज्ज्ञाला विचारून ठरलेले नाहीत, पण हिशेब पक्का आहे. ‘सावळ्याने भडक घालू नये’ हे कुठून आलं कोण जाणे. भौतिकशास्त्रातून तरी नाही.

पांढऱ्याचंही तेच. इथून देहू काही लांब नाही. आषाढी वारीच्या दिवसांत पांढरा सदरा, धोतर, टोपी आणि त्यातून उन्हाने रापलेला चेहरा डोळ्यांपुढे आणा. डोळे, मिशी, कपाळावरचा गोपीचंदनाचा टिळा, सगळं कोरल्यासारखं. फोटोग्राफर मंडळी चेहऱ्यावरच्या सावल्या भरून काढायला खालून पांढरं थर्माकोल धरतात. सदरा उन्हात तेच काम फुकट करतो. चेहरा शेजारच्या पांढऱ्यामुळे सावळा दिसतो हे खरं, पण ठसठशीत दिसतो. फोटो काढणाऱ्याने मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड ठरवला, की ब्रश फिरवायची वेळ येत नाही.

पांढरा म्हणजे मात्र एक रंग नव्हे. साबणाच्या पावडरीत असे पदार्थ असतात, जे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. जुन्या काळी नीळ जे काम करायची, तेच हे वेगळ्या वाटेने करतात. अशा शर्टाच्या शेजारी त्वचा अधिक पिवळी-नारिंगी दिसते. पण एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळपास नसतातच. म्हणजे दुपारच्या मुहूर्ताला मांडवात झगझगणारा शर्ट संध्याकाळी कार्यालयातल्या दिव्यांखाली मोतिया होऊन बसतो. त्यातून नवरदेवाला आदल्या दिवशीची हळद लागलेली. हळदीतलं कर्क्युमिनही निळाच प्रकाश शोषतं, मेलॅनिनसारखं. निळसर पांढऱ्या शेरवानीशेजारी ती पिवळी झाक दुप्पट होते. मोतिया किंवा किंचित पिवळट पांढरी घेतली तर दबते. (हळदीच्या पांढऱ्या कपड्यांवरचे डाग साबण लावताच लाल होतात, तेही कर्क्युमिनमुळेच. घाबरू नका, साबण धुतला गेला की लाली जाते, आणि उरलेला पिवळा डाग उन्हात वाळवला की फिका पडतो.)

स्वस्त एलईडी दिव्यांची दुसरी खोड अशी की, त्यांच्या प्रकाशात गडद लाल भाग कमी पडतो. आपल्या त्वचेची सगळी श्रीमंती तिथेच. तो भाग गेला की सावळा चेहरा राखाडी, आजारी दिसतो आणि डाळिंबी कापड विटकरी. दुकानात जुळलेले दोन रंग घरी आल्यावर जुळत नाहीत, त्याचं कारणही हेच. आपल्या आज्या कापड घेताना ठाण घेऊन दुकानाच्या पायरीवर यायच्या, दुकानदाराने कितीही तोंड वाकडं केलं तरी. ती पद्धत शंभर टक्के शास्त्रीय होती.

आता मनगटावरच्या शिरांची गोष्ट. शिरा हिरव्या दिसल्या तर तुमची कांती ‘उष्ण’, निळ्या दिसल्या तर ‘शीत’, आणि त्याप्रमाणे कपडे घ्या, असा सल्ला हल्ली पोरं एकमेकांना देतात. रक्त निळंही नसतं, हिरवंही नसतं. शिरेवरच्या त्वचेतून परत येणारा प्रकाश मोजला तर तो बहुधा राखाडीच भरतो. शेजारच्या नारिंगी त्वचेमुळे आपल्याला तो निळा भासतो. शेव्रलचाच नियम. त्वचा जितकी पिवळट, वरचा दिवा जितका पिवळा, तितकी शीर हिरवी. ही चाचणी दिव्याची परीक्षा जास्त घेते, माणसाची कमी.

कपड्यांचे रंग ठरवायला माणसांना ऋतूंत वाटणारी पद्धतही अशीच. ती १९८० साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या पुस्तकाने गाजली. त्यात गोऱ्यांची वाटणी चारही ऋतूंत झाली आणि बहुतेक सगळ्या सावळ्या जगाला ‘हिवाळा’ या एकाच खोलीत कोंबलं गेलं. त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती फिट्झपॅट्रिक वर्गवारी १९७५ ची, आणि ती अतिनील उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी होती. तिच्यातही तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार मागाहून जोडले गेले. कपड्यांच्या रंगांवर खरेखुरे प्रयोग फार थोडे झाले आहेत. स्कॉटलंडच्या सेंट अँड्रूज विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक प्रसिद्ध केला. लोकांनी गोऱ्या चेहऱ्यांना निळ्या छटा आणि रापलेल्या चेहऱ्यांना लाल-नारिंगी छटा जास्त निवडल्या. पण ते चेहरेही गोऱ्या वंशाच्याच स्त्रियांचे होते. मावळातल्या पुरुषाने त्यावरून कपाट रिकामं करायची गरज नाही.

तसा गोरेपणाच्या क्रीमच्या बाजारातून पुरुषही आता सुटलेला नाही. फेअर अँड लव्हली १९७५ ची. खास पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम २००५ साली आली. २०२० मध्ये पहिलीच्या नावातून ‘फेअर’ गेलं. दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा पाहा. जन्माने मिळालेला रंग तो, ट्यूबने त्याच्यापुढे जाता येत नाही. भातलावणीत किंवा बैलगाडा शर्यतीच्या घाटात रापलेला चेहरा ऊन टाळलं की काही आठवड्यांत त्या रंगाकडे परत सरकू लागतो. ते काम त्वचा स्वतःच करते.

पुढच्या लग्नसराईत शर्ट घ्यायला तळेगावला जाल तेव्हा बदामीचा गठ्ठा बाजूला सारा. एक गर्द घ्या, आमसुली, बाटली हिरवा किंवा गर्द निळा. एक फिका घ्या, मोतिया किंवा आकाशी. एकदा डाळिंबी गळ्याशी लावून बघाच. आणि हे सगळं दुकानाबाहेर, दिवसाउजेडी, साध्या आरशात, सेल्फीत नव्हे.