तोंडी खरेदी आणि मागाहून उठणारे दावे

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं वडिलांच्या काळची अशी एखादी तरी जमीन असते कीं, जिची किंमत चुकती झाली, ताबा मिळाला, पण खरेदीखत मात्र ‘सवडीनें करूं’ म्हणून राहून गेलें. व्यवहार दोघां सज्जनांचा. पुढें दोघेहि निवर्ततात. विकणाराच्या मुलास जुना शब्द ठाऊक नसतो. तो तीच जमीन तिसऱ्यास नोंदलेल्या खतानें विकतो. आतां जमीन कोणाची?

पैसा दिला व नांगर धरला म्हणजे मालकी आली, असा सार्वत्रिक समज आहे. कायदा तसें मानीत नाहीं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मुंबई इलाख्यास १८९३ पासून लागू झाला. तेव्हांपासून शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खतावांचून पुरी होत नाहीं. सातबाऱ्यावर नांव चढलें तरीहि नाहीं. त्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नसते.

मग पहिला खरेदीदार अगदींच निराधार आहे काय? तसेंहि नाहीं. बोलणें तोंडी असलें तरी तो विक्रीचा करार ठरूं शकतो, व शाबीत झाल्यास कोर्टामार्फत खत करून मागतां येतें. करार ठाऊक असून ज्यानें जमीन घेतली, त्या दुसऱ्या खरेदीदारावरहि हा हक्क चालतो. शेत प्रत्यक्ष कोण वाहतो याची चौकशी न करणारास ‘मला ठाऊक नव्हतें’ ही सबब सहसा उपयोगी पडत नाहीं. परंतु खत करण्याची तारीख ठरली असल्यास तेव्हांपासून, नसल्यास नकार कळल्यापासून, तीन वर्षांत दावा लावावा लागतो. आणि पुरावा कोठून आणावा? साक्षीदार तर वडिलांबरोबरच गेलेले! करारानें मिळालेला ताबा राखणारें १९२९ चें कलम लेखी करारावांचून लागूच होत नाहीं. २००१ पासून तर तो करारहि नोंदलेला असावा लागतो.

म्हणून आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे कीं, असा व्यवहार घरांत असेल तर दोन्ही पक्ष हयात आहेत तोंवर खत नोंदवून घ्यावें. विकणारा वारला असल्यास त्याच्या सर्व वारसांच्या, लेकींच्याहि, सह्या घ्याव्यात. कागद मागितल्यानें स्नेह तुटेल, ही भीति आम्हांस खरी वाटत नाहीं. दोन घरांचा स्नेह कोर्टाच्या पायरीवर तुटलेला मात्र आम्हीं पाहिला आहे, आणि तेथें दोन्ही बाजू आपापल्या परीनें प्रामाणिकच होत्या.