एफ-वनचं उत्तर कागदावर

एफ-वन दाबलं की मदतीची खिडकी उघडते. समोर कीबोर्ड असलेल्या माणसाचं त्यावर भागतं. भोसरी-चाकणच्या एखाद्या शेडमध्ये मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरचे हात मात्र कूलंटने चिकट असतात आणि सॉफ्टवेअरचा संगणक वरच्या केबिनमध्ये असतो. त्याला हवा असतो अलार्मचा नंबर आणि त्याचा अर्थ, तोही मशीनशेजारी खिळ्याला टांगलेल्या कागदावर. आयटीआयमधल्या निदेशकाला वर्गात वाटायला तेच हवं असतं, ऑडिटची फाईल लावणाऱ्यालाही तेच. मग ऑफिसातल्या 'कॉम्प्युटरवाल्या'ला फर्मान सुटतं: ती हेल्प जरा छापून द्या.

काम पाच मिनिटांचं वाटतं, पण तसं ते नाही, कारण हेल्प फाईल हे पुस्तकच नसतं. विंडोजवर वर्षानुवर्षं चाललेल्या सीएचएम फाईलचं उदाहरण घ्या. मायक्रोसॉफ्टने १९९७ साली आणलेल्या या प्रकारात एकाच फाईलच्या पोटात शेकडो वेबपानं, चित्रं, अनुक्रमणिका आणि सूची दाबून भरलेली असते. पानांना क्रमांक नसतात. वाचणारा कुठूनही आत शिरेल, हवं तेवढं बघेल आणि बाहेर पडेल, हे लिहिणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं. त्यामुळे एकच सूचना चार ठिकाणी सापडते आणि 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' तर जागोजागी. कागदावर क्लिक कुठे करायचं?

सगळ्यात आधी एक आळशी पण शहाणपणाचा उपाय करा: सॉफ्टवेअरच्या सीडीवर किंवा इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमध्ये पीडीएफ आहे का ते पाहा, नसेल तर विक्रेत्याकडे मागा. रोबोहेल्प किंवा मॅडकॅप फ्लेअरसारख्या साधनांत एकाच मूळ मजकुरातून हेल्पही निघते आणि छापील पुस्तिकाही. पुस्तिका आधीच तयार असेल, तर पुढचा सगळा खटाटोप वाचला.

नसेल, तर फाईल नेटवर्कवरून न उघडता स्वतःच्या डिस्कवर आणा. डाव्या बाजूला अनुक्रमणिका दिसते पण उजवी खिडकी कोरी, ही तक्रार नेहमीची आहे. फाईल बिघडलेली नसते. सीएचएममधून घातक प्रोग्रॅम घुसवता येतात हे लक्षात आल्यावर मायक्रोसॉफ्टने २००५ साली सुरक्षेचं कुलूप घट्ट केलं, त्याचा हा परिणाम. फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'वर खूण केली की मजकूर दिसू लागतो. अर्थात फाईल भरवशाच्या ठिकाणाहून आली असेल तरच.

आता छपाई. अनुक्रमणिकेत एखादं शीर्षक निवडून प्रिंट म्हटलं की दोन पर्याय पुढे येतात: फक्त हे पान, की हे शीर्षक आणि त्याखालची सगळी पानं. दुसरा निवडा आणि प्रिंटर म्हणून विंडोज १० पासून मिळणारा 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' घ्या. छोट्या फाईलला एवढं पुरतं. पानं फार असतील तर भारतीय प्रोग्रामर कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेलं कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर सीएचएमचं थेट पीडीएफ करून देतं.

फाईल फोडून आतली पानं बाहेर काढायचाही मार्ग आहे. सेव्हन-झिपने सीएचएम सरळ उघडते. पण खरी फसगत इथेच होते. बाहेर आलेली पानं फोल्डरमध्ये इंग्रजी वर्णानुक्रमाने लागतात. तशीच जोडून छापली तर 'अबाउट' आणि 'अपेंडिक्स' पहिल्या पानांवर, 'इन्स्टॉल' मध्ये कुठेतरी आणि 'वेलकम' शेवटी. खरा क्रम असतो तो एचएचसी नावाच्या फाईलमध्ये. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि कोणत्या शीर्षकाखाली कोणतं पान, हे तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. पुस्तिका लावायची ती तिच्याच क्रमाने.

क्रम लागल्यावर छाटणी. माझ्या मते आख्खी हेल्प छापणं म्हणजे कागदाची नासाडी. प्रत्येक मेनूचं वर्णन कोणी कागदावर वाचत नाही; अलार्मची यादी, सेटिंगचे तक्ते, रोजच्या कामाच्या पायऱ्या वाचतात. उरलेल्या पानांतली क्लिकची वाक्यं बदलून 'पाहा पान ४७' असं करावं लागतं. पानं वेबपानाच्या स्वरूपातच ठेवलीत तर प्रिन्स आणि वीझीप्रिंट ही साधनं हे क्रमांक आपोआप भरतात, त्यामुळे मजकूर मागेपुढे सरकला तरी संदर्भ चुकत नाही.

काही हेल्पमध्ये मजकूर घडी घातलेला असतो, शीर्षकावर टिचकी मारली तरच उलगडणारा. तो न उलगडता प्रिंट दिलं तर नुसती शीर्षकं छापून येतात. 'शो ऑल' कुठे आहे ते आधी शोधा. रुंद तक्त्यांची उजवी बाजू कापली जाते, ती पानं आडवी घ्या. अमेरिकेतून आलेल्या मजकुराचा आकार बहुधा लेटर असतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७, म्हणजे उंच पण अरुंद. पाठपोट छापून स्पायरल मारणार असाल तर बांधणीच्या बाजूला जादा समास सोडा, नाहीतर भोकं ओळींच्या पहिल्या अक्षरांतून जातात. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सॉफ्टवेअरची आवृत्ती छापा. ही ओळ नसेल तर दोन वर्षांनी तोच कागद चुकीचं सेटिंग सांगू लागतो.

मराठी मजकुराची दुखणी वेगळी. सीएचएमची अनुक्रमणिका युनिकोडच्या आधीच्या जुन्या संकेतांवर चालते आणि विंडोजच्या त्या संकेतांत देवनागरीला जागाच नव्हती. त्यामुळे आतलं पान स्वच्छ मराठीत, पण डावीकडे प्रश्नचिन्हांची रांग, असं दृश्य दिसतं. छापताना शीर्षकं पानांवरूनच उचलावी लागतात. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल, तर तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथेच पीडीएफ करा आणि फॉन्ट आत बसवला गेलाय याची खात्री करा. ते राहिलं तर झेरॉक्सवाल्याकडे रोमन अक्षरांची खिचडी छापली जाते.

हा सगळा उपद्व्याप कायमच होता असं नाही. युनिक्सची पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये बेल लॅब्जमध्ये निघाली ती कागदावरच. पुढे तोच मूळ मजकूर पडद्यावरही दिसू लागला. आजही लिनक्समध्ये मदतीचं पान एका आज्ञेने छपाईसाठी मांडून मिळतं, कारण लिहितानाच दोन्ही वाटा मोकळ्या ठेवलेल्या. लिब्रेऑफिसचे स्वयंसेवक तर एफ-वनची मदत वेगळी ठेवून सलग वाचायची मार्गदर्शक पुस्तकं स्वतंत्रपणे लिहितात. पडद्याचा वाचक आणि कागदाचा वाचक एक नाही हे त्यांनी ओळखलंय.

सीएचएम निदान आजच्या विंडोजवर उघडते. तिच्या आधीची, १९९० साली विंडोज ३.० बरोबर आलेली एचएलपी फाईल आता उघडतच नाही. व्हिस्टापासून तिचा वाचक विंडोजमधून वगळला गेला. काही वर्षं तो वेगळा उतरवून घेता येत होता, विंडोज १० साठी मात्र दिलाच नाही. हेल्पडेको नावाचं जुनं साधन एचएलपी फोडून वर्डमध्ये उघडणारी फाईल काढून देतं, पण ते चालवण्याची खटपट सगळ्यांना जमेल असं नाही. कारखान्यात, प्रयोगशाळेत एखादं जुनं यंत्र अजून एक्सपीवर चालत असेल, तर तो संगणक भंगारात काढण्याआधी त्यातली एचएलपी शोधा, अनुक्रमणिकेतला एकेक भाग निवडून प्रिंट द्या आणि एक प्रत यंत्राजवळ, एक ऑफिसात ठेवा.